खडा पडेचना

माझी धाकटी जाऊ कुणालाही मदत करत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा दोष, म्हणून आधी तोच सांगून टाकते. गुण काय, सत्काराला चार माणसं जमली की आपोआप सांगितले जातात.

एकदा बरणीचं झाकण निघेना म्हणून मी तिच्या दारात गेले. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती तळमजल्यावर, मी वर. हात तर लावायचा ना बरणीला! तर ही बाई हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि मला विचारते, "ताई, झाकण घट्ट कशामुळे झालंय असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. मला ते उघडून हवंय."

"बरणी फ्रीजमधून काढली का आत्ता?"

"हो."

"मग?"

मी तणतणत घरी आले, झाकणावर गरम पाणी ओतलं आणि ते निघालं. ते निघालं याचाच मला जास्त राग आला.

ही माझी जाऊ मुलींच्या एका साध्या शाळेत विज्ञान शिकवत होती. साधी म्हणजे अगदी साधी, एकमजली, फळ्याचा रंग उडालेली. पण तिच्या हात मागे बांधण्याचं मूळ शाळेत नाही, माहेरी आहे. वडील घड्याळजी. रस्त्याकडेच्या त्यांच्या टपरीवजा दुकानात ही लहानपणी तासन्‌तास बसायची, आणि बसायची अट एकच होती, हात मागे. एक चाक जरी फुंकरीनं उडालं तरी गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं? त्यामुळे बाईसाहेब घड्याळाचं पोट उघडलेलं रोज बघत, पण बोट कधी लागलं नाही. पुढे शाळेत तीच तऱ्हा. काचेच्या कपाटात एक लोलक होता. मास्तर वर्षातून एकदा तो बाहेर काढत, भिंतीवर सात रंग पाडून दाखवत आणि पुन्हा ठेवून देत. मुलांनी वहीत आकृती काढायची. तो लोलक हातात धरल्यावर गार लागतो की कोमट, जड असतो की हलका, हे तिला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. हे सांगताना तिचा आवाज अजून चढतो.

स्वतः बाई झाल्यावर तिनं नियम उलटा केला. हात मागे, पण बाईंचे. मुलींचे पुढे. प्रयोगाच्या तासाला ती ॲप्रन घालून, हात पाठीशी गुंफून, फेऱ्या मारायची. कुणाचा दिवा पेटत नसला, कुणाची नळी चोंदली, तरी ही फक्त प्रश्न विचारणार. पहिल्या वर्षी मुली रडल्या. दुसऱ्या वर्षी मुली शाळा सुटल्यावरही प्रयोगशाळेतून हलेनात. बाईंनीच मग संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवायला सुरुवात केली. कुणीही यावं, काहीही करून बघावं, फक्त आपली काच आपण पुसून जावं.

माझ्या दिराला हे सगळं लग्नानंतर कळलं. भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि यावर गेली कित्येक वर्षं तेच एकटे हसतात. त्यांचे हात म्हणजे जन्मजात शिवशिवणारे. कुणाचा पंखा कुरकुरला की हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. अशा माणसाला अशी बायको मिळाली. "वहिनी," ते मला म्हणायचे, "आमच्याकडे बिघडलेल्या वस्तूची चौकशी होते, दुरुस्ती होत नाही."

आता मुद्द्यावर येते.

जाऊ निवृत्त व्हायला थोडाच काळ उरला होता, आणि तिच्या प्रयोगशाळेवर संक्रांत आली होती. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ती खोली हवी होती. माणूस वाईट नव्हे, पण टापटिपीचं वेड. त्यांना तिथे पडदे लावून संगणकाचा वर्ग करायचा होता. त्यातून एका मुलीची भुवई थोडी जळली, दुसऱ्या एकीनं घरच्या उशीचा कापूस काढून पाणी गाळायला आणला. पालक भांडायला आले. मोठ्या बाई म्हणाल्या, "संध्याकाळचं हे उघडं दुकान बंद करा. तुम्ही गेल्यावर त्या पोरींवर कोण लक्ष ठेवणार?"

नेमकं त्याच सुमारास ते परिपत्रक आलं. अवकाशसंस्थेचं एक छोटं रॉकेट वर्षातून एकदा सरळ वर जातं, अवकाशाच्या उंबऱ्याला शिवतं आणि छत्रीला लटकत खाली येतं. त्यात मधली काही मिनिटं वस्तूंना वजन राहत नाही. शास्त्रज्ञ त्या मिनिटांत आपापले प्रयोग उरकून घेतात. आजवर त्यात विद्यापीठं आणि पैसेवाल्या शाळा यांच्याच पेट्या जात. त्या वर्षी पहिल्यांदा काही जागा साध्या शाळांना ठेवल्या होत्या. डब्याएवढी पेटी, तिच्यात मुलांनी योजलेला आणि मुलांनीच बांधलेला प्रयोग. मोठ्यांनी दाखवावं, विचारावं, पण पेटीला हात लावू नये. तपासणीत पेटी पास झाली तर वर जाणार, नाही तर घरी परत.

नियम वाचून जाऊ हसत सुटली. "ताई, हा नियम कुणी माझ्या माहेरच्यानं लिहिलाय!"

ती मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि सौदा केला. पेटी रॉकेटमध्ये गेली तर प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी राहील, बाई निवृत्त झाल्यावरसुद्धा. पेटी परत आली तर पडदे.

जाऊनं हे मुलींना सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि भावजींना. मी म्हटलं, "मग त्यांना थोडी मदत कर."

"ताई, तुम्ही आत्ता बोललात ते मी ऐकलंच नाही."

मुलींच्या गटात दोघी मुख्य होत्या. एकीला सगळे वकीलबाई म्हणत. तिला "पाऊस पडतोय" म्हटलं तर "कशावरून?" विचारायची. दुसरी हळूबाई. चालणं हळू, बोलणं हळू, डबा खाणं तर इतकं हळू की मधली सुट्टी संपायची आणि हिचा घास तोंडातच. वकीलबाईला ती सहन होत नसे आणि तिच्यावाचून करमतही नसे.

प्रयोग त्यांनी निवडला तो मला फार आवडला, कारण समजला. साखरेचा चौकोनी खडा निळ्या शाईत बुडवून वाळवायचा आणि पाण्यात सोडायचा. तुम्हीही करून बघा. खड्यातून निळ्या धारा निघतात आणि तळाकडे ओघळतात, कारण साखरेचं पाणी साध्या पाण्याहून जड. पण जिथे जडच काही नाही तिथे धारा जातील कुठे? खाली? वर? चहूकडे? वकीलबाई म्हणाली वर जातील. हळूबाई म्हणाली, "जाणारच नाहीत बहुतेक." दोघींची पैज लागली, हरेल तिनं जिंकणारीचं दप्तर वर्षभर उचलायचं.

पेटीची रचना अशी. पारदर्शक बाटली, पाण्यानं काठोकाठ भरलेली. तिच्यावर एक चिमुकली खोली, त्या खोलीत कोरडा खडा. मध्ये झडप, रबर लावून घट्ट बसवलेली. झडप एका दोऱ्यानं धरून ठेवलेली. वर गेल्यावर रॉकेटकडून विजेचा इशारा येणार, बारीक तार तापणार, दोरा जळणार, झडप उघडणार, खडा पाण्यात, आणि समोर बसवलेला छोटा कॅमेरा चित्र घेणार. प्रयोगशाळेच्या टेबलावर मुलींनी हे इतक्या वेळा करून पाहिलं की शाळेतल्या मुंग्यांना सवय लागली. दर वेळी झडप खट्‌ उघडायची आणि खडा डुबुक्. मी स्वतः जाऊन पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

मग बिनवजनाची चाचणी. ती जमिनीवर करायची सोपी युक्ती आहे, पेटी उंचावरून सोडून द्यायची. पडत असताना, तेवढा एक क्षण, पेटीच्या आत कशालाच वजन नसतं. शाळा एकमजली, म्हणून मुली आमच्या इमारतीत आल्या. जिन्याच्या मधल्या पोकळीत तळाशी गाद्या रचायच्या आणि सगळ्यात वरच्या कठड्यावरून पेटी सोडायची; हातातून सुटताक्षणी आतल्या बॅटरीनं तार तापायची. गाद्यांसाठी जाऊ दारोदार फिरली. माझी कापसाची गेली, दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याची गेली, समोरच्या आजारी आजोबांनी तर आपली पाठीची उशी पाठवली आणि खुर्ची घेऊन बघायला बसले. रविवार सकाळ. सगळ्या जिन्यावर माणसं, कठड्यांवर हनुवट्या.

"सोडू?" वरून वकीलबाई.

"थांब गं, माझा पाय गादीवर आहे!" खालून शिंपी.

पेटी आली, धप्प बसली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मुलींनी कॅमेऱ्यातलं चित्र लावलं आणि त्यांचे चेहरे पडले. पेटी खाली येईपर्यंत खडा आपल्या खोलीतच. गादीवर आदळल्यावर मग डुबुक्.

"झडप उशिरा उघडते," वकीलबाईनं निकाल दिला.

त्यांनी दोरा बारीक घेतला. पुन्हा तेच. तार जास्त तापवली. तेच. झडपेची कड पॉलिश कागदानं घासली, बिजागरीला शिवणयंत्राचं तेल घातलं, खोली आतून गुळगुळीत केली. पुढच्या रविवारी परत आल्या. पेटी धप्प, आणि खडा गादीवर आल्यावरच डुबुक्. एव्हाना सगळी इमारत तज्ज्ञ झाली होती. आजोबा म्हणाले, खडा ओला असेल, चिकटत असेल. शिंपी म्हणाला, रबर बदला. मी म्हटलं, खडा लहान घ्या. जाऊ हात मागे बांधून प्रत्येकाचं ऐकत होती आणि कपाळावर आठ्यांची संख्या वाढत होती. खरं सांगायचं तर तिलाही कळत नव्हतं. मी ओळखते ना तिला. कळत असतं तेव्हा ती प्रश्न विचारते, कळत नसतं तेव्हा नुसती जिना चढते-उतरते.

तपासणीचा दिवस जवळ आला. मुली आपसात भांडायला लागल्या. वकीलबाई हळूबाईला म्हणाली, "तूच गाठ हळू बांधतेस, म्हणून दोरा हळू जळतो!" असलं अचाट शास्त्र ऐकूनही हळूबाई रडली. जाऊ त्या दिवशी घरी आली ती थेट माझ्याकडे, आणि चहा न घेताच बसून राहिली.

"पोरींना सांगून टाकावं का, ताई? की यावर प्रयोगशाळा अवलंबून आहे म्हणून?"

"म्हणजे आणखी घाबरतील."

"तेच." मग थोड्या वेळानं, "मी शिकवताना काहीतरी सोडलंय. काय सोडलंय तेच सापडत नाही."

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजी कामावरून आले ते रुमालात काहीतरी गुंडाळून. टेबलावर ठेवलं, रुमाल उलगडला. पितळेचं, नाण्यासारखं चकाकणारं एक यंत्र. अगदी त्या पेटीच्या मापाचं. चिमुकली खोली, चिमुकली झडप, मोटारीवर चालणारी. बटण दाबलं की झडप आवाजसुद्धा न करता अशी सरकायची की लोणीच.

"लिफ्टचा दरवाजा जसा उघडतो ना, तसाच हा," ते म्हणाले. "यातून खडा अडकला तर नाव बदलीन."

जाऊ बराच वेळ त्या यंत्राकडे बघत राहिली. मी तिथेच होते. तिनं हात मागून पुढे आणले, यंत्र उचललं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. घड्याळजीची मुलगी ती. तिला त्या वस्तूची किंमत आमच्यापेक्षा जास्त कळत होती.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "आणि लावता येणार नाही."

"अगं, कुणाला कळतंय?"

"मला. आणि मुलींना. उद्या त्या म्हणतील, आमची पेटी बाईंच्या नवऱ्यानं पास केली."

"मग काय, पडदे लावायचे?"

भावजींनी रुमाल पुन्हा गुंडाळायला घेतला तशी ती म्हणाली, "थांबा. लावायचं नाही. पण बघायला काय हरकत आहे? एक जुनी पेटी आहे मुलींची, तिच्यात बसवून टाकून बघू. तुमच्या यंत्रातून खडा पडला, तर त्यांच्या झडपेतच दोष. मग त्या शोधतील."

रविवारी पुन्हा गाद्या. भावजींनी दाढी केली होती. त्यांनी मुलींना यंत्र दाखवलं. मुलींनी "अय्या" म्हटलं, वकीलबाईनं "मोटार कितीची?" विचारलं आणि त्यांनीच जुन्या पेटीत ते बसवलं. पेटी वर गेली. भावजी तळाशी कमरेवर हात ठेवून उभे.

धप्प.

चित्र लावलं. सगळ्या जिन्याची मान लांब झाली. भावजींची झडप लोण्यासारखी उघडली होती, पूर्ण, पेटी अजून दुसऱ्या मजल्यापाशीही आली नव्हती. आणि खडा आत. गादीवर आल्यावर डुबुक्.

"नाव काय ठेवायचं मग, भावजी?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

कुणीच हसलं नाही. भावजी तर नाहीच. "हे शक्यच नाही," म्हणत ते यंत्र उलटंसुलटं करू लागले. वकीलबाईनं तोपर्यंत तेलाची बाटली उघडली होती. फक्त हळूबाई कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून बसली होती. ती चित्र मागे न्यायची, पुढे न्यायची, अगदी तिच्याच गतीनं.

"बाई," ती म्हणाली. "झडप उघडलीये."

"हो."

"खाली काहीच नाहीये. आणि खडा कशालाच टेकलेला नाहीये. नुसता आहे."

जाऊ जिन्यात होती तिथेच थांबली. "मग?"

हळूबाईनं इतका वेळ घेतला की आजोबा खुर्चीत पुढे सरकले.

"तो पडणार कसा, बाई?" ती म्हणाली. "सगळंच पडतंय. पेटी पण, खोली पण, पाणी पण. तो त्यांच्या बरोबरीनंच येतोय. आत बघितलं तर तो पडतच नाहीये. वर रॉकेटमध्ये तर काहीच पडत नाही. आपण वजन नसलेल्या ठिकाणी खडा पाडायला निघालोय."

मग जाऊ मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं बाई गं! वजन नसताना काय होतं ते बघायचं, आणि पहिलंच काम वजनावर सोडून दिलं! आणि मी, मी त्या झडपेला तेल घालू देतेय!" मग शिंपी हसला, मी हसले, आजोबांना ठसका लागला. इतके रविवार आम्ही सगळे मिळून एका निर्दोष झडपेची पाठ घासत होतो. सगळ्यात शेवटी भावजी हसले. "म्हणजे माझं यंत्र बरोबरच होतं," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांच्या घरी ते अजून आहे, पाहुण्यांच्या चहात साखर टाकतं.

एकटी वकीलबाई हसत नव्हती. ती हळूबाईजवळ गेली आणि पुटपुटली, "गाठीबद्दल बोलले ते मागे घेते." तिच्या तोंडून काही मागे घेतलं गेल्याचं ते पहिलंच उदाहरण.

आता खड्याला ढकलायचं कशानं? मुलींनी बॉलपेन मोडून त्यातली स्प्रिंग काढली. पहिल्या खेपेला खडा बंदुकीतून सुटावा तसा गेला आणि तळावर आपटून त्याचा भुगा झाला. मग त्यांनी स्प्रिंग कापून आखूड केली, खड्याला पाण्यात मधोमध अडवायला तारेचं कोंदण केलं. शाळेत एकाही मुलीचं पेन लिहीत नव्हतं, आणि मोठ्या बाईंच्या टेबलावरचंही एक गायब झालं. पण शेवटच्या रविवारी पेटी दुसऱ्या मजल्यावरून खाली जात असतानाच खडा पाण्यात शिरला आणि कोंदणात जाऊन बसला. आजोबांनी खुर्चीत बसल्या बसल्या सलाम ठोकला.

तपासणीला मी गेले होते, मोठ्या बाई पण होत्या. मोठं, पांढरं दालन, लांब टेबलं, टेबलांवर ठिकठिकाणच्या शाळांच्या पेट्या. तपासनीस तरुण होता, उंच, सारखा घड्याळाकडे बघणारा. आधी त्यानं पेटी हलवण्याच्या यंत्रावर ठेवली. रॉकेट निघताना जशी थरथर होते तशी ते यंत्र देतं. माझे स्वतःचे दात वाजत होते. पेटी तगली. मग त्यानं झाकण उघडून आत पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"ही स्प्रिंगची कल्पना कुणाची?"

"आमची," वकीलबाई म्हणाली.

त्यानं माझ्या जाऊकडे पाहिलं. "बाई, स्पष्टच विचारतो. इथे बऱ्याच पेट्या बाबांनी केलेल्या असतात. झडप आणि खड्याचा प्रयोग आणखी दोन शाळांनी आणलाय. दोन्हींत खडा वरून पाडायचा आहे. ही चूक मुलांची असते. तुमच्याकडे ती नाही. म्हणून विचारतो."

म्हणजे गंमत पाहा. चूक नाही, म्हणून संशय! मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. मला बोलायचं होतं, पण जाऊनं कोपरानं ढोसलं.

"मुलींना विचारा," ती म्हणाली.

"विचारत नाही. मुलींनो, हे सगळं सुटं करा आणि माझ्यासमोर पुन्हा जोडा. मोठ्यांनी टेबलापासून मागे."

मुलींनी सुरुवात केली. वकीलबाई सुटं करायची, हळूबाई ओळीनं मांडायची. जाऊ टेबलापासून दोन हात मागे, हात पाठीशी. सगळं ठीक चाललं होतं. वकीलबाईनं शेवटी स्प्रिंग सोडवली आणि ती बोटांतून टुणकन उडाली. तपासनीस खाली बघू लागला, मुली टेबलाखाली शिरल्या, मोठ्या बाई चक्क गुडघ्यांवर बसल्या. तशी बेतून कापलेली दुसरी स्प्रिंग आमच्याकडे नव्हती. आणि मी बघितलं, जाऊ दगडासारखी उभी आहे. डोळे खाली, श्वास रोखलेला.

"बाई, तुम्हाला दिसली का?" टेबलाखालून आवाज.

"माझ्या ॲप्रनच्या खिशात गेलीये."

"मग द्या ना!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी हात लावायचा नाहीये. ये गं, तूच काढ."

हळूबाई बाहेर आली. तिनं दोन बोटं त्या खिशात घातली. आधी खडूचा तुकडा आला, मग रुमाल, मग एक गोळी, सर्दीची. तपासनीसानं घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं. शेवटी स्प्रिंग आली. हळूबाईनं ती फुंकरून पुसली आणि आपल्या जागी बसवली, जराही घाई न करता. झडप, दोरा, गाठ. गाठ बांधताना वकीलबाईनं तोंडातून शब्द काढला नाही.

"पण तुम्हाला कळलं कसं," तपासनीसानं विचारलं, "की खडा पडणार नाही म्हणून?"

"आधी कळलंच नाही," वकीलबाई म्हणाली. "आम्ही बाईंच्या सगळ्या बिल्डिंगच्या गाद्या खराब केल्या." आणि तिनं सगळं सांगितलं, तेल, पॉलिश कागद, भावजींची मोटार, काही न लपवता. शेजारच्या टेबलावरच्या शाळेची मुलं ऐकत होती. सांगून संपलं तेव्हा त्यांच्यातला एक आपल्या पेटीकडे बघत म्हणाला, "सर, पेन आहे का कुणाकडे?"

तपासनीसानं आमच्या पेटीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. त्या शेजारच्या शाळेला त्यानं दुपारपर्यंत वेळ दिला, आणि माझं पेन गेलं ते गेलंच.

रॉकेट उडालं तेव्हा आम्ही ते पडद्यावर पाहिलं. एक पांढरी रेघ, आणि संपलं. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. खरी गोष्ट पुढे, पेटी छत्रीनं खाली येऊन शाळेत परत आली तेव्हा. प्रयोगशाळेत मुली दाटीवाटीनं बसल्या, मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, मी खिडकीशी. चित्र सुरू झालं. थरथर, थरथर, मग एकदम सगळं शांत. झडप उघडली. स्प्रिंगनं खडा हलकेच पुढे दिला, तो पाण्यात आला, कोंदणात थांबला. आणि निळा रंग कुठेच गेला नाही. वर नाही, खाली नाही. खड्याभोवती बसून राहिला. हळूहळू फुगणारा एक निळा गोळा.

"दप्तर," हळूबाई म्हणाली.

वकीलबाईनं मुकाट्यानं तिचं दप्तर काखोटीला मारलं, पण तिचे डोळे पडद्यावरच होते. "थांब, थांब. गोळा पूर्ण गोल नाहीये. डावीकडे बघ. शेंडी आलीये."

होती खरी. बारीकशी, एका बाजूला निघालेली निळी शेंडी. वकीलबाई म्हणाली स्प्रिंगच्या धक्क्यामुळे. हळूबाई म्हणाली खड्यातून हवेचा बुडबुडा सुटला असेल. जाऊनं तपासनीसाला फोन लावून मुलींच्या हातात दिला. त्यानंही तेच चित्र बघितलं आणि दोनदा मागेपुढे करून म्हणाला, "मला माहीत नाही." हे वाक्य मुलींनी असं ऐकलं जसं काही बक्षीसच मिळालं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणी मीठ आणायला निघाली, कुणी गरम पाणी.

मोठ्या बाई दारातून आत आल्या. दोन बाकांमधून वाट काढत पडद्यापाशी गेल्या आणि चष्मा वर करून त्या शेंडीकडे बघत राहिल्या.

"मला वाटतं," त्या म्हणाल्या, "बाटलीचं पाणी त्या बाजूला जास्त गार असणार. तिकडे कॅमेऱ्याची बॅटरी नव्हती ना. बॅटरी तापते."

"नाही बाई," वकीलबाई म्हणाली, "बॅटरी त्याच बाजूला होती. तुमचं चूक आहे. पण करून बघता येईल."

मी डोळे मिटून घेतले. जाऊ हात मागे बांधून छताकडे बघत होती.

मोठ्या बाईंनी चष्मा खाली केला. "कधी?" त्यांनी विचारलं. "आज संध्याकाळी मला मीटिंग आहे. उद्या चालेल?"